पक सोडून बाकी सगळं बघणारा माणूस

हॉकी म्हटलं की आपल्याला टर्फ आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हणालात तर ती बर्फावरची. आपल्या खेळाला तिथे ‘फील्ड हॉकी’ असं दोन शब्दांत सांगावं लागतं. टोरंटो-ब्रॅम्प्टनकडे नव्याने गेलेली मराठी मंडळी पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या नादाने शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसतात आणि दहा मिनिटांत वैतागतात, कारण पक दिसतच नाही. दिसणार कसा? ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, जेमतेम १६० ग्रॅमची काळी रबरी चकती, तीही उसळू नये म्हणून गोठवून ठेवलेली. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फावर ती दहा जणांच्या पायांतून पळते, आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या फळ्यांपाशी गेली की चक्क गडप होते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण पटायला वेळ लागतो. पककडे बघायचंच नाही. खेळ कळणारे लोक ज्यांच्याकडे पक नाही त्यांच्याकडे बघतात. टीव्हीसमोर बसलेल्या कॅनडाला ही सवय लावली ती प्रामुख्याने हॉवी मीकरने. निवृत्त खेळाडूला समालोचनाच्या खुर्चीत बसवायची पद्धत त्याच्या आधीही होती. पण तिथे बसून नेमकं करायचं काय, हे त्याने दाखवलं, असं माझं मत आहे. आणि आजचे चांगले विश्लेषक ऐकताना ते मत पक्कंच होत जातं.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म ४ नोव्हेंबर १९२३, ऑन्टारियोतल्या किचनरचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना प्रशिक्षणात ग्रेनेड फुटून पाय जबर जखमी झाले. तरीही १९४६-४७ च्या हंगामात टोरंटो मेपल लीफ्सकडून उतरला, २७ गोल मारले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. त्याच हंगामात पुढे दिग्गज ठरलेल्या गॉर्डी हाउनेही पदार्पण केलं होतं, म्हणजे त्या ट्रॉफीचं वजन किती ते बघा. ८ जानेवारी १९४७ ला शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात ५ गोल. एनएचएलमध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, नवोदिताच्या त्या विक्रमाची पुढे डॉन मर्डॉकने बरोबरी केली, पण ओलांडला कुणीच नाही. त्या लीगच्या विजेत्याला मिळणारे स्टॅन्ली कप चार: १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१. कारकीर्द ३४६ सामन्यांची, सगळी टोरंटोकडून. मध्येच १९५१ च्या पोटनिवडणुकीत तो खासदारही झाला आणि १९५३ पर्यंत संसद आणि रिंक अशा दोन्ही आघाड्या सांभाळत राहिला.

१९५६-५७ मध्ये लीफ्सचा प्रशिक्षक म्हणून मात्र पार फसला. २१ विजय, ३४ पराभव, १५ बरोबरी. त्यानंतर त्याला व्यवस्थापक केलं आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत काढूनही टाकलं. तिथून तो न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला गेला आणि पोरांना शिकवायला लागला. या अपयशाकडे नंतर परत येऊ, कारण त्याचा समालोचनाशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीच्या ‘हॉकी नाइट इन कॅनडा’वर मीकर दिसायला लागला. आवाज पिपाणीसारखा, बोलणं सुसाट, उत्साह इतका की वाक्याचा शेवट सुरुवातीच्या आधी पोचतो की काय असं वाटावं. शिवी तोंडात नाही. फार झालं तर ‘गॉली जी विलिकर्स!’ किंवा ‘जिमिनी क्रिकेट!’, म्हणजे आपल्या ‘अरेच्चा’ आणि ‘अगं बाई’च्या जातीचं काहीतरी. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची ऑर्डर. रीप्ले चालू असताना तो मध्येच ओरडायचा: थांबवा, तिथेच थांबवा! आता मागे घ्या!

हे ‘मागे घ्या’ फार महत्त्वाचं आहे. गोल झाल्यावर दिग्दर्शकाचा हात आपसूक जातो तो गोलजाळीमागच्या किंवा बर्फालगतच्या कॅमेऱ्याकडे. चित्र देखणं मिळतं: स्टिक वाकते, पक सुटतो, गोलरक्षकाचा पाय उघडतो, जाळी हलते. पण हा शेवटचा दीड सेकंद. आइस हॉकीतला गोल बहुतेक वेळा आठ-दहा सेकंद आधी शिजलेला असतो, आणि तोही ८०-१०० फूट लांब. तिथली चूक जवळच्या कॅमेऱ्यात नसतेच. ती असते उंचावरच्या मुख्य कॅमेऱ्यात, ज्यात दहाही खेळाडू एकदम दिसतात आणि जो दिग्दर्शकांना कंटाळवाणा वाटतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. या खेळात पाच-पाच जणांचे गट अव्याहत बदलत असतात. एक पाळी साधारण ४० ते ५० सेकंदांची, कारण पूर्ण वेगाने त्याहून जास्त कुणालाच झेपत नाही. खेळ न थांबवता, चालू खेळातच बेंचवर जायचं आणि ताज्या दमाच्या माणसाने उडी मारून उतरायचं. आता डाव्या विंगरची, म्हणजे डाव्या कडेच्या आक्रमकाची, पाळी ५५ सेकंदांवर गेलीय. त्याचं काम एकच: मधली लाल रेषा ओलांडायची, पक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात खोल ढकलायचा आणि मग बेंच गाठायचं. पक खोल गेला की तो परत बाहेर यायला सात-आठ सेकंद लागतात, तेवढ्यात तिघंही आक्रमक आरामात बदलून होतात. पण पायात गोळे आलेत, फटका अर्धवट बसतो, आणि पक समोरच्यांच्या भागाची हद्द आखणाऱ्या निळ्या रेषेच्या आधीच प्रतिस्पर्धी बचावपटूच्या स्टिकवर अडकतो. हे न बघताच तिघंही बेंचकडे वळलेत. एक पास, आणि समोरचे तिघं सुटले. मागे बचावपटू फक्त दोन. दोघांनाही आपल्या पाठीमागे कुणी मदतीला येत नाहीये याची जाणीव, म्हणून ते मागे सरकत राहतात. पकवाल्याला निळ्या रेषेवर पंधरा फूट मोकळी जागा मिळते. तिथून पुढचा फटका आणि जाळी हे सगळ्यांनी पाहिलं.

कमी जाणता समालोचक इथे गोलरक्षकाच्या पायांमधल्या फटीबद्दल बोलेल. मीकरच्या पठडीतला काय म्हणेल? मराठीत बसवून बघू: ‘बघा, गोल इथे झालेला नाही. बारा सेकंद मागे चला. हा डावा विंगर दमलाय. पक खोलवर टाकायचा तो मध्येच टाकला आणि बेंचकडे वळला. तिघं गेले, मागे उरले दोन.’ हे झाले २७ शब्द. शब्द मोजायचं कारण पुढे येतं.

मीकरच्या हातात त्यासाठी एक हत्यार होतं: टेलिस्ट्रेटर, म्हणजे थांबलेल्या चित्रावर पेनाने रेघोट्या मारायचं यंत्र. लेनर्ड रायफेल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ते शिकागोत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी बनवलं होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये समालोचक जॉन मॅडनने ते घराघरांत नेलं; आइस हॉकीत ते वापरणाऱ्या पहिल्या काहींत मीकर. आज टचस्क्रीनवर प्रत्येक जण वर्तुळं-बाण काढतो, आणि दहातल्या सात वेळा ते चुकीच्या फ्रेमवर काढलेले असतात. चित्र गोठवायचं ते चूक घडून गेल्यावर नव्हे, चूक घडण्याच्या अर्धा सेकंद आधी, जेव्हा खेळाडूपुढे अजून दोन पर्याय शिल्लक आहेत. तेव्हा थांबवलं तर प्रेक्षक स्वतः विचार करतो की मी असतो तर कुठे गेलो असतो. नंतर थांबवलं तर जागा आधीच उघडलेली दिसते आणि समालोचक फक्त पोलीस पंचनामा करतो. दुसरी गोष्ट, रेघा दोनच माराव्यात. एक वर्तुळ चुकणाऱ्याभोवती, एक बाण तो जायला हवा होता तिकडे. तिसरी रेघ आली की पडदा रांगोळीसारखा दिसतो, आणि चित्र पुढे सरकलं की रेघा जागच्या जागी राहून माणसं भलतीकडे जातात.

मीकर स्वतः ज्या गोलात होता त्या गोलावर हे करून बघता येतं, कारण त्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. २१ एप्रिल १९५१, मेपल लीफ गार्डन्स, स्टॅन्ली कप अंतिम फेरीचा पाचवा सामना, समोर माँट्रियल कॅनेडियन्स. त्या फेरीतले पाचही सामने जादा वेळेत गेले. या सामन्यात टोरंटोने गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला आणि टॉड स्लोनने ३२ सेकंद उरले असताना २-२ केलं. जादा वेळेच्या २ मिनिटं ५३ सेकंदांवर बिल बारिल्कोने माँट्रियलचा गोलरक्षक मॅकनीलला चकवून कप जिंकून दिला. फोटोत बारिल्को तोल जाऊन हवेत तरंगतोय, पक आत गेलाय, आणि जाळीच्या मागे एक लीफ्सचा खेळाडू माँट्रियलच्या बचावपटूशी झटतोय. तो मीकर. गोलसाठी पास दिल्याचं श्रेय त्याला आणि हॅरी वॉटसनला आहे.

सगळे बारिल्कोकडे बघतात. आता त्याच्या पाठीमागची, फोटोत नसलेली जागा बघा. बारिल्को बचावपटू. त्याची जागा निळ्या रेषेवर, गोलपासून ६० फूट मागे. तो ती सोडून वर्तुळाच्या आत धावत आला. याला हॉकीवाले ‘पिंच’ म्हणतात. पक मिळाला तर गोल, हुकला तर मागे अर्धा बर्फ मोकळा आणि सुटलेला प्रतिस्पर्धी. जादा वेळेत त्याचा अर्थ सामना गेला. मग तो धावला तो शुद्ध जुगार होता का? पूर्णपणे नाही. मीकरने पक जाळीमागे नेला होता. पक जाळीमागे असला की बचाव करणाऱ्यांची तोंडं आपल्याच गोलकडे वळतात, पाठ निळ्या रेषेकडे होते, आणि मागून येणारा कुणाला दिसत नाही. गोलरक्षकालाही मान वळवून मागे बघावं लागतं. बचावपटूने पुढे घुसायची सगळ्यात योग्य वेळ तीच. म्हणजे त्या गोलमधलं मीकरचं काम पास देण्याइतकंच सहा जणांच्या माना फिरवण्याचंही होतं. जाळीमागचा पक दिसला की निळ्या रेषेकडे बघा. आजच्या कोणत्याही सामन्यात हे लागू आहे.

(बारिल्कोचं पुढे वाईट झालं. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९५१ मध्ये मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान बेपत्ता झालं. अवशेष सापडले ते १९६२ साली, आणि टोरंटोने पुढचा कप जिंकला तोही १९६२ सालीच.)

आता शब्द का मोजायचे ते. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंमध्ये पुरेसा वेळ असतो, षटक संपलं की आणखी. गावसकर-मांजरेकर त्यात एखादा किस्सा रंगवू शकतात. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीत धावतं वर्णन करायचे, त्यांनाही तो अवकाश मिळायचा. आइस हॉकीत तो नाही. शिटी वाजल्यापासून पुढच्या फेसऑफपर्यंतचं, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतचं, एनएचएलचं वेळापत्रक असं: पाहुण्या संघाला खेळाडू बदलायला ५ सेकंद, मग यजमानांना ८, मग रांगेला लागायला ५. एकूण १८. प्रत्यक्षात थोडे जास्त जातात, पण धरून चालायचे १८. त्यातले तीन-चार सेकंद मुख्य समालोचकाचे, कारण शिटी का वाजली आणि फेसऑफ कुठे हे त्यानेच सांगायचं असतं. पक खाली पडायच्या दोन सेकंद आधी विश्लेषकाने गप्प व्हायचं असतं. उरतात बारा. सावकाश, समजेल असं बोललं तर त्यात पंचवीस-तीस शब्द बसतात. ‘मला आठवतंय, आमच्या वेळी...’ यातच चार गेले.

लांब बोलायला जागा फक्त तीन ठिकाणी आहे. गोल झाल्यावर, कारण जल्लोष आणि घोषणेत थोडा वेळ जातो. दोन मध्यंतरांत, जी १८-१८ मिनिटांची असतात. आणि जाहिरातींच्या विश्रांतीच्या काठावर: २० मिनिटांच्या प्रत्येक सत्रात अशा तीन विश्रांती असतात, १४, १० आणि ६ मिनिटं शिल्लक राहिल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा. पण गोलनंतर, पॉवरप्ले (शिक्षेमुळे एका संघाचा खेळाडू कमी) चालू असताना किंवा आइसिंगनंतर ती घेत नाहीत.

आइसिंगची बाब नवख्या विश्लेषकाकडून फार वेळा निसटते. आपल्या अर्ध्यातून पक थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे भिरकावला तर फेसऑफ परत आपल्याच गोलजवळ होतो, आणि २००५-०६ पासून शिक्षा अशी की चूक करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे दमलेलेच पाच जण उभे राहणार आणि समोर ताजे पाच येणार. पुढच्या वीस सेकंदांत गोल पडण्याची सगळ्यात मोठी खूण हीच. अशा वेळी विश्लेषकाने फक्त घड्याळ सांगावं: हे पाच जण सव्वा मिनिटापासून बर्फावर आहेत. बस. बाकी प्रेक्षक आपोआप पुढे सरकून बसतो.

आता प्रशिक्षक म्हणून आपटण्याची गोष्ट. एडी ओल्चिक हे आजचं मोठं नाव. शिकागोचाच पोरगा, १९८४ मध्ये शिकागोनेच तिसऱ्या क्रमांकावर निवडला, एनएचएलमध्ये १०३१ सामने, ३४२ गोल, १९९४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सबरोबर स्टॅन्ली कप. २००० मध्ये निवृत्त झाला आणि लगेच पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या प्रक्षेपणात आला. २००३ मध्ये त्याच संघाने त्याला प्रशिक्षक केलं. पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये तळाला. डिसेंबर २००५ मध्ये, ८ विजय आणि १७ पराभवांवर असताना, हकालपट्टी. २००६ पासून पुन्हा माइकपाशी, आणि तेव्हापासून अमेरिकेत त्याच्या तोडीचे विश्लेषक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मीकर आणि ओल्चिक दोघंही बेंचमागे उभे राहून हरलेले, हा योगायोग मला वाटत नाही. खेळाडूला स्वतःची पाळी आठवते. प्रशिक्षकाला समोरच्याची पाळी मोजावी लागते. वरच्या १८ सेकंदांत यजमानांना नंतर बदल करता येतो, म्हणजे पाहुण्यांनी कोण उतरवलं ते बघून मग आपला गट पाठवता येतो. यजमान असण्याचा खरा फायदा प्रेक्षकांच्या आरडाओरड्याहून इथे जास्त आहे. पाहुण्या प्रशिक्षकाला आपला मुख्य स्कोअरर प्रतिस्पर्ध्याच्या चिवट बचावगटापासून सोडवायचा असतो, म्हणून तो फेसऑफ होऊ देतो आणि चालू खेळात पाच-सहा सेकंदांनी त्याला चोरून उतरवतो. हा लपंडाव ज्याने खेळलाय आणि हरलाय त्याला तो बूथमधून दिसतो. नुसत्या खेळाडूला दिसेलच असं नाही, मग त्याने कितीही गोल मारलेले असोत. किंबहुना फार मोठे खेळाडू बऱ्याचदा इथे कमी पडतात. जे त्यांना न शिकता जमलं ते समजावून कसं सांगायचं हा त्यांचा प्रश्न असतो. मीकर तर पोरांना बर्फावर गुडघे किती वाकवायचे ते शिकवून आला होता. १९७३ ते १९७७ त्याचा हॉकी शिकवण्याचा कार्यक्रम सीबीसीवर चालला. ज्याला दहा वर्षांच्या मुलाला पास समजावता येतो, त्याला बारा सेकंद पुरतात.

गोलरक्षक झालेल्यांचं वेगळंच. केली ह्रुडी हे त्यातलं उदाहरण. १८ एप्रिल १९८७ ला सुरू झालेला आयलंडर्स-कॅपिटल्स सामना चौथ्या जादा सत्रात, ईस्टरच्या पहाटे संपला. आयलंडर्सच्या ह्रुडीने ७३ फटके अडवले. १९९८ मध्ये तो ‘हॉकी नाइट इन कॅनडा’वर आला. अशा माणसाकडून ऐकायचं ते ‘काय सुंदर अडवला’ हे नव्हे. पक गोलच्या बाजूला, टोकाच्या रेषेजवळ असतो तेव्हा आजचे गोलरक्षक खांबाकडचा पाय बर्फावर आडवा टाकतात, बूट खांबाला टेकवतात, खांदा खांबाला चिकटवतात आणि दुसरा पाय ढकलायला उभा ठेवतात. खालून काहीच आत जात नाही, आणि दुसऱ्या बाजूला झेपही घेता येते. पण खांदा आणि आडवी पट्टी यांच्यामध्ये, कानाजवळ, पक मावेल एवढी फट राहते. गोलरक्षक घाई करून लवकर खाली बसला तर ती फट दोन-तीनपट होते. नेमबाज तिथेच मारतात आणि सामान्य समालोचक म्हणतो, ‘असा गोल खाल्लाच कसा!’ चूक गुडघा टेकण्याच्या वेळेत असते.

२००६ पासून एक नवी जागा आली: दोन बेंचांच्या मधला चिंचोळा कप्पा. अमेरिकन वाहिनीने तिथे पिएर मॅग्वायरला उभं केलं, जो मुळात प्रशिक्षक. मग खेळाडू आले. १२५८ सामने आणि ४०८ गोल नावावर असलेला रे फेरारो तिथे उभा राहणाऱ्यांतला माझ्या मते सगळ्यात पारखी. त्याचा आवाज बरीच वर्षं ईए स्पोर्ट्सच्या एनएचएल व्हिडिओ गेममध्येही होता, म्हणून सामना कधीही न बघितलेल्या पोरांनाही तो ओळखीचा. या कप्प्यातून काय मिळतं? पुढचा गट कोणता हे प्रशिक्षक ओरडण्याआधी कळतं. कोण वाकून धापा टाकतोय ते दिसतं. बुटाचं पातं तुटलं आणि साहित्य सांभाळणारा ते बेंचवरच काढून नवं बसवतोय, म्हणून अमुक एक खेळाडू एक पाळी चुकला, ही बातमी वरच्या बूथला कधीच मिळत नाही. काय जातं? खोली. डोळे बर्फाच्या पातळीवर असल्यामुळे पलीकडच्या फळीपाशी काय चाललंय, दोन खेळाडूंमध्ये अंतर किती, याचा अंदाज येत नाही. त्यासाठी समोरच्या छोट्या मॉनिटरकडे मान खाली घालायची, आणि बर्फाच्या बाजूने मात्र काच नसते. मान खाली आणि पक हवेत, हा योग कधीतरी जुळतोच.

कानातही गर्दी असते. एका कानात मैदानाचा गोंगाट आणि जोडीदार, दुसऱ्यात निर्माता: ‘पुढचा रीप्ले उजव्या कोपऱ्यातून, मग जाहिरात, पाच, चार, तीन...’ नवखा विश्लेषक हे ऐकताना वाक्य सोडून देतो किंवा त्यालाच उत्तर द्यायला लागतो. मुरलेला माणूस उलट करतो. खेळ चालू असतानाच टॉकबॅकचं बटण दाबून, माइक बंद ठेवून, तोच निर्मात्याला सांगतो: वरचा कॅमेरा, दहा सेकंद आधीपासून. म्हणजे शिटी वाजेपर्यंत चित्र तयार. मीकर जे प्रेक्षकांसमोर ओरडून मागायचा ते आता पडद्यामागे मागितलं जातं, एवढाच फरक.

तयारीचं म्हणाल तर १४ ऑक्टोबर २००६ चं उदाहरण पुरे. बफेलोत बर्फाच्या वादळाने रस्ते बंद झाले, विश्लेषक हॅरी नील अडकला, आणि त्याच्या जागी आयत्या वेळी कॅसी कॅम्पबेलला बसवलं. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’च्या सामन्यात विश्लेषण करणारी ती पहिली स्त्री. कॅनडाच्या ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची २००२ आणि २००६ ची कर्णधार असल्यामुळे खेळ तिला शिकायचा नव्हता. पण चाळीस खेळाडूंचे क्रमांक पाठ असणं ही वेगळी गोष्ट असते.

मीकरची परंपरा हीच एकमेव नव्हती. दुसऱ्या टोकाला डॉन चेरी. एनएचएलमध्ये खेळाडू म्हणून नावावर एकच सामना, १९५५ च्या प्लेऑफमधला (बाद फेरीतला). मग बॉस्टनचा गाजलेला प्रशिक्षक, मग भडक कोट घालून पहिल्या मध्यंतरात मतांची आतषबाजी. लोकप्रियता अफाट. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थलांतरितांबद्दलच्या वक्तव्यावरून त्याला काढलं. योगायोग असा की तोवर त्याच ‘हॉकी नाइट’ची पंजाबी आवृत्ती दहा वर्षांहून जास्त काळ चालू होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रक्षेपणात स्लॅप शॉटला ‘चपेड़ शॉट’ म्हणायला लागले. मराठी प्रक्षेपण कधी झालंच तर ‘चपराक’ आयती तयार आहे.

मीकरला १९९८ मध्ये प्रसारणासाठीचा फॉस्टर ह्यूइट पुरस्कार मिळाला. ८ नोव्हेंबर २०२० ला, ९७ व्या वर्षी तो गेला.

सामना लावणार असाल तर पहिल्या सत्रात एवढंच करून बघा. फेसऑफला दोघांपैकी स्टिक आधी कोण टेकवतो ते पाहा: मधल्या वर्तुळात पाहुण्याने, बाकी ठिकाणी बचाव करणाऱ्याने आधी टेकवायची असते, आणि नंतर टेकवणाऱ्याला किंचित फायदा असतो. फेसऑफ घेणाऱ्या सेंटरने खालचा हात उलटा धरला असेल तर तो पक मागे ओढणार. पक पडला की त्याच्याकडे न बघता, पकपासून सगळ्यात लांबच्या बचावपटूवर नजर ठेवा आणि मनात सेकंद मोजा. चाळीस झाले आणि तो अजून बर्फावर असेल, तर आवाज मोठा करा.